टूरच्या ग्रुपसोबत रोम: दीड-दोन दिवसांत शहर नीट कसं पाहावं

युरोपच्या बारा-पंधरा दिवसांच्या ग्रुप टूरमध्ये रोमच्या वाट्याला साधारण दीड ते दोन दिवस येतात. तेवढ्यात कोलोसियम, व्हॅटिकन, पँथिऑन, ट्रेव्ही कारंजं आणि स्पॅनिश स्टेप्स बघून होतात, पण बऱ्याच जणांच्या लक्षात राहतात ते रांगा, दुखणारे पाय आणि "चला चला" हा पुकारा. शहर मोठं असणं हे त्याचं कारण नाही. ग्रुपमधल्या दिवसाचे दोन भाग असतात. एक म्हणजे ठरलेल्या वेळा: त्या तिकिटावर छापलेल्या असतात आणि कुणाच्या हातात नसतात. त्यांच्या मधला वेळ मात्र तुमचा असतो. छापलेल्या वेळा सांभाळायच्या आणि मधल्या वेळेत काय बघायचं हे आधीच ठरवायचं, एवढं केलं तरी रोम पुष्कळ पदरात पडतं.

कार्यक्रमपत्रिका कशी वाचायची

बुकिंग करताना पत्रिकेतल्या प्रत्येक नावापुढचा शब्द बघा. "फोटो स्टॉप", "बाहेरून दर्शन", "ओरिएंटेशन टूर" आणि "प्रवेशासह" या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. "कोलोसियम – फोटो स्टॉप" म्हणजे आत जाणं नाही; रस्त्यापलीकडून फोटो आणि पंधरा-वीस मिनिटं. ओरिएंटेशन टूर म्हणजे बहुतेक वेळा बसमधून दाखवलेलं शहर, आणि रोमच्या जुन्या भागात मोठ्या बसना फारसा शिरकाव नसल्यामुळे ते फार त्रोटक असतं. विचारायचे प्रश्न असे: कोलोसियमच्या तिकिटात फोरम (शेजारचे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आहे का आणि तिथे प्रत्यक्ष नेणार का? व्हॅटिकनमध्ये फक्त सेंट पीटर्स बॅसिलिका, की म्युझियम आणि सिस्टिन चॅपलही? स्थानिक गाइड किती तासांसाठी? हॉटेल शहराच्या रिंगरोडच्या आत की बाहेर?

शेवटचा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. रोमभोवती ग्रांदे राक्कोर्दो अन्युलारे नावाचा साधारण ६८ किलोमीटरचा वर्तुळाकार महामार्ग आहे. ग्रुप टूरची बरीच हॉटेलं त्याच्या आसपास किंवा बाहेर असतात. तिथून संध्याकाळी स्वतःच्या स्वतः शहरात यायचं तर तास सहज मोडतो. हॉटेल मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर मोकळी संध्याकाळ खरंच मोकळी असते. थोडे पैसे जास्त पडले तरी असा टूर घ्यावा.

तारखांकडेही बघा. आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीतच रोममधल्या अडचणीच्या तारखा येतात. १ मे आणि २९ जूनला व्हॅटिकन म्युझियम बंद असतं. २९ जून हा संत पीटर आणि संत पॉल यांचा सण, रोमची स्थानिक सुट्टी. २ जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन. त्या सकाळी संचलन कोलोसियमसमोरच्याच रस्त्यावरून जातं, त्यामुळे तो सगळा भाग बंद असतो. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा आणि फुकट, पण त्या दिवशीची गर्दी सोसण्यासारखी नसते. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम फुकट असतं आणि तिथेही तीच कथा. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असतील तर सेंट पीटर्सच्या चौकात त्यांची जाहीर भेट असते आणि बॅसिलिका दुपारपर्यंत पर्यटकांना मिळत नाही. तुमचा व्हॅटिकनचा दिवस बुधवार असेल तर टूर मॅनेजरना आधीच विचारा की म्युझियम आणि बॅसिलिका यांचा क्रम कसा लावला आहे.

नाव आणि पासपोर्ट

ऑक्टोबर २०२३ पासून कोलोसियमची तिकिटं नावानिशी निघतात. दाराशी ओळखपत्राशी नाव ताडून बघू शकतात. मराठी नावांची गडबड इथेच होते. पासपोर्टवर "सुनीता मोहन" हे दिलेलं नाव आणि "जोशी" हे आडनाव असतं. फॉर्म भरताना कुणी "सुनीता जोशी" लिहितं, कुणी माहेरचं आडनाव देतं, कुणी लाडकं नाव. टूरच्या ऑफिसात नाव देताना पासपोर्टमध्ये जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने द्या आणि तिकिटाची यादी आली की एकदा डोळ्याखालून घाला. ग्रुपमधलं कुणी आयत्या वेळी रद्द झालं आणि त्याच्या जागी दुसरं कुणी आलं तर ते तिकीट आपोआप चालत नाही.

पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स दुसऱ्या बॅगेत, फोटो मोबाइलमध्ये आणि घरच्या कुणाकडे, आणि दोन पासपोर्ट साइझ फोटो पाकिटात ठेवा. हे फोटो बहुतेक वेळा लागत नाहीत. पासपोर्ट हरवला तर सगळ्यात आधी लागतात.

बस का थांबत नाही

ग्रुपमधली निम्मी भांडणं बसवरून होतात, आणि ती बहुधा नियम माहीत नसल्यामुळे होतात. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला चालवायचे तास ९, आठवड्यातून दोनदा १०. रात्री सलग ११ तासांची विश्रांती. ती ९ तासांवर आणता येते, पण मोजक्याच वेळा. गाडीतलं यंत्र हे सगळं नोंदवतं आणि पोलीस ते तपासतात. म्हणून सकाळी चार कुटुंबं वीस मिनिटं उशिरा आली तर ती वीस मिनिटं रात्रीच्या कार्यक्रमातून जातात. ड्रायव्हर उद्धट म्हणून नाही, त्याचे तास संपले म्हणून.

रोममध्ये त्यात आणखी भर आहे. मोठ्या बसना शहरात यायला परवाना लागतो आणि अगदी मधल्या भागात त्या सोडतच नाहीत. ठरलेल्या थांब्यावर बस माणसं उतरवते किंवा घेते आणि लगेच हलते. तुम्ही पाच मिनिटं उशिरा पोचलात तर बस एक फेरी मारून येते, आणि रोमच्या ट्रॅफिकमध्ये ती फेरी अर्ध्या तासाची होते. उतरण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा: परत भेटायची वेळ, जागा, आणि उतरलो तिथेच भेटायचं आहे की दुसरीकडे. रोममध्ये बहुतेक वेळा ते दुसरीकडे असतं.

पायात काय, अंगावर काय, खिशात काय

जुन्या रोमचे रस्ते काळ्या बेसॉल्टच्या छोट्या चौकोनी दगडांचे आहेत. त्यांना साम्पिएत्रिनी म्हणतात. मधल्या फटीत टाच अडकते, पाऊस पडला की ते निसरडे होतात, आणि चाकांची बॅग त्यावर धड चालत नाही. दिवसाला पंधरा हजार पावलं सहज होतात. जाड तळव्याचे, आधी महिनाभर वापरून मऊ झालेले बूटच घाला. नवे बूट विमानतळावर पहिल्यांदा घालणं म्हणजे दुसऱ्या दिवशी व्हॅटिकन बसमधूनच बघणं.

बॅसिलिका, व्हॅटिकन म्युझियम आणि बहुतेक चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. हाफ पँट घातलेल्या मुलग्यांना दारातून परत पाठवतात. साडी, पंजाबी ड्रेस चालतो. ब्लाउज बिनबाह्यांचा असेल तर पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावा. एक पातळ ओढणी पिशवीत असली की ऊन, चर्च आणि बसमधला एसी, तिन्हींची सोय होते.

कोलोसियममध्ये मोठी सॅक, काचेच्या बाटल्या, सूटकेस नेता येत नाहीत आणि तिथे सामान ठेवायची सोय नाही. छोटी, पुढे लटकवता येईल अशी पिशवी न्या. मंगळसूत्र आणि सोन्याच्या बांगड्या घरीच ठेवलेल्या बऱ्या. सुटे पैसे मात्र हवेत: ५० सेंट, १ आणि २ युरोची नाणी, ५ आणि १० च्या नोटा. कार्ड वापरताना यंत्र "रुपयांत की युरोत" असं विचारेल. नेहमी युरो निवडा. रुपये निवडलेत तर त्या यंत्रवाल्याचा दर लागतो आणि तो महागच असतो.

रोम शहराचा मुक्कामाचा कर माणशी, रात्रीच्या हिशेबाने हॉटेलात द्यावा लागतो. चार ताऱ्यांच्या हॉटेलला तो ७.५० युरो, तीन ताऱ्यांना ६. टूरच्या रकमेत तो धरला आहे का, हे आधी विचारा. रिसेप्शनवर चाळीस जणांनी रोख शोधत उभं राहण्यापेक्षा ते सोपं.

हेडसेट आणि गाइड

इटलीत स्मारकाच्या आत माहिती सांगायला सरकारी परवान्याचा गाइड लागतो. तुमचे टूर मॅनेजर कितीही जाणकार असले तरी आत उभं राहून ग्रुपला व्याख्यान देऊ शकत नाहीत. गाइड बहुधा अर्ध्या दिवसासाठी असतो, म्हणून प्रश्न विचारायचे ते तेवढ्यातच.

गळ्यात अडकवायचा रेडिओ मिळतो, त्याला सगळे "व्हिस्पर" म्हणतात. हातात आल्याबरोबर तो चालू करून चॅनेलचा आकडा बघा आणि लक्षात ठेवा. चुकून बटण दाबलं गेलं की तुम्ही दुसऱ्याच ग्रुपची जपानी माहिती ऐकत बसता. मध्ये भिंत आली किंवा अंतर वाढलं की आवाज खरखरतो. ही खरखर म्हणजे इशारा आहे: तुम्ही मागे पडलात, मान वर करा आणि गाइडची काठी शोधा. बॅटरी संपली तर लगेच सांगा, जास्तीचा सेट गाइडकडे असतो. संध्याकाळी सेट परत द्यायचा असतो; हरवला तर पैसे भरावे लागतात.

पहिला दिवस: कोलोसियमपासून स्पॅनिश स्टेप्सपर्यंत

कोलोसियमला आत जाण्याआधी बाहेरच दहा मिनिटं काढा, कारण खरी गोष्ट बाहेरच्या भिंतीवर लिहिलेली आहे. मेट्रो स्टेशनच्या वरच्या अंगाला एक गच्चीसारखा रस्ता आहे, तिथून संपूर्ण इमारत फोटोत येते. खालून तो फोटो मिळत नाही. उत्तरेकडच्या भिंतीत तळमजल्याच्या कमानींवर रोमन आकडे कोरलेले अजून वाचता येतात, २३ पासून ५४ पर्यंत. एकूण दारं ८०. त्यांपैकी ७६ सामान्य लोकांसाठी, आकडा टाकलेली. हातातल्या ठोकळ्यावरचा (तेव्हाच्या तिकिटावरचा) आकडा बघून माणूस आपल्या दाराने शिरायचा. सुमारे ५०,००० माणसं ज्या बेताने आत-बाहेर करत, तो बेत आजही स्टेडियममध्ये वापरतात.

भिंतीभर भोकं दिसतात, ती गोळ्यांची नाहीत. दगड एकमेकांना लोखंडी कड्यांनी जोडलेले होते. मध्ययुगात लोकांनी ते लोखंड उकरून नेलं. दक्षिणेची बाहेरची भिंत १३४९ च्या भूकंपात कोसळली आणि तिचे दगड शहरातल्या दुसऱ्या बांधकामांना गेले. पूर्वेच्या टोकाला विटांचा मोठा आधार आहे, १८०७ चा. त्यातल्या कमानी नीट बघा: निसटू लागलेले दगड आहेत त्याच जागी विटांनी बांधून टाकलेत. पडता पडता थांबवलेली इमारत इतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

सम्राट व्हेस्पेझियनने काम सुरू केलं, मुलगा टायटसने इसवी सन ८० मध्ये उद्घाटन केलं आणि त्याचे खेळ १०० दिवस चालले. लांबी १८९ मीटर, रुंदी १५६, उंची ४८. साध्या तिकिटात पहिले दोन स्तर येतात. खालची तळघरं आणि रिंगणाची फळी यांचं तिकीट वेगळं. तळघरं वरून दिसतातच. जिने उंच पायऱ्यांचे आहेत. गुडघ्याचा त्रास असेल तर सुरक्षा तपासणीच्या आधीच गाइडला सांगा, लिफ्ट आहे. आत शिरल्यावर सांगितलं तर ग्रुप अर्धा वर, अर्धा खाली असा फुटतो.

तुमच्या तिकिटात फोरम आणि पॅलेटाइन टेकडी असतेच, पण बरेच ग्रुप वेळेअभावी ते गाळतात. मॅनेजरना विचारून, पुढची भेट ठरवून, ज्यांना हौस आहे त्यांनी तासभर जाऊन यावं. टायटसच्या कमानीपाशी सुरुवात करा. आतल्या बाजूला जेरुसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेली सात फांद्यांची समई कोरली आहे. तिथून फरसबंद उतार खाली जातो, ती व्हिया साक्रा, म्हणजे विजयी सेनापतींच्या मिरवणुकीचा रस्ता. पुढे छपराखाली मातीचा एक ढिगारा दिसेल. ज्युलियस सीझरवर जिथे अंत्यसंस्कार झाले त्या जागी नंतर त्याचं देऊळ बांधलं, त्याच्या वेदीचा हा उरलेला भाग. लोक अजून तिथे फुलं ठेवतात. फोरममध्ये सावली जवळपास नाही. जून-जुलैत दुपारी बारानंतर तिथे ज्येष्ठांना नेऊ नका.

तिथून पियाझ्झा व्हेनेझिया सुमारे एक किलोमीटर सरळ, सपाट रस्ता आहे. पांढऱ्या संगमरवराचं प्रचंड स्मारक आलं की डावीकडे वळून पँथिऑनच्या दिशेने जाताना इल जेझू नावाचं चर्च लागतं. गोव्याशी नातं असलेल्या कुणीही ते चुकवू नये. जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकेत ज्यांचं शव आहे, त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या उजव्या हाताचा भाग १६१४ मध्ये रोमला आणला, तो या चर्चमध्ये उजवीकडच्या वेदीवर ठेवलेला आहे. प्रवेश फुकट. फक्त दुपारी काही तास दार बंद असतं, रोममधल्या अनेक चर्चसारखं. सकाळी किंवा चारनंतर जा.

पँथिऑन, म्हणजे रोमनांचं जुनं देऊळ: २०२३ पासून तिकीट आहे, तेव्हा ते ५ युरोचं होतं. टूरमध्ये धरलंय का बघा. नसेल तरी हे पैसे जरूर खर्चावेत. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून वरच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक अख्खा गोल मावतो. लोखंडी सळ्या नाहीत, नुसतं रोमन काँक्रीट. वर जावं तसा त्यातला दगड हलका होत जातो आणि सगळ्यात वर ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड आहे. दर्शनी पट्टीवर आधीची इमारत बांधणाऱ्या अग्रिप्पाचं नाव असलं तरी आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळातली. जमिनीत बारीक भोकं शोधा. घुमटाच्या भोकातून आलेलं पावसाचं पाणी तिथून जातं. हे चालू चर्च आहे, प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना थांबवतात.

पँथिऑनपासून पियाझ्झा नव्होना साडेतीनशे-चारशे मीटरवर आहे. वाटेत सान लुईजी देई फ्रान्चेझी चर्चमध्ये चित्रकार काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. खरी, जागेवरची, फुकट. अंधार असतो, यंत्रात नाणं टाकलं की दिवा लागतो. नव्होनाचा लांबट आकार हा सम्राट डोमिशियनच्या धावण्याच्या मैदानाचा आहे. मधल्या कारंज्यावर शिल्पकार बेर्निनीने चार खंडांच्या चार नद्या बसवल्या: नाईल, डॅन्यूब, प्लाटा आणि आशियाची म्हणून आपली गंगा. हातात लांब वल्हं धरलेला दाढीवाला पुरुष म्हणजे ती गंगा. युरोपात नद्या पुरुषरूपात दाखवायची रीत होती. १६५१ साली रोममध्ये गंगा कोरली गेली हे ठाऊक असून तिथे उभं राहणं वेगळं असतं.

पँथिऑन ते ट्रेव्हीच्या वाटेवर सांत इन्यात्सिओ चर्चमध्ये दहा मिनिटं बसा. रोमच्या मध्यभागात बाकडी फार थोडी आहेत आणि चर्चमधल्या बाकांवर शांतपणे टेकलं तर कुणी उठवत नाही. इथला घुमट सपाट छतावर रंगवलेला आहे, खरा नाही. जमिनीवरच्या खुणेच्या चकतीवर उभं राहिलं की तो खरा वाटतो आणि तिथून हललं की वाकडा होतो.

ट्रेव्हीला गर्दी असणारच. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कारंज्याच्या कठड्यापाशी एका वेळी ४०० जणांनाच सोडतात, त्यामुळे रांग लागते. फक्त फोटो हवा असेल तर वरच्या कडेने मिळतो. नाणं उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून टाकायची रीत आहे आणि ती नाणी गोळा होऊन गरिबांसाठी काम करणाऱ्या कारितास संस्थेकडे जातात. भेटायची जागा कारंजं ठेवू नका; समोरच्या कोपऱ्यावर खांबांच्या दर्शनी भागाचं चर्च आहे, त्याच्या पायऱ्यांशी भेटा. स्पॅनिश स्टेप्सवर बसायला २०१९ पासून बंदी आहे. पोलीस शिट्टी वाजवून उठवतात, दंडही करतात. दमलेल्यांनी तिथे बसता येईल या भरवशावर राहू नये.

दुसरा दिवस: व्हॅटिकन

सकाळी जितक्या लवकर वेळ मिळेल तितकं बरं. म्युझियममध्ये ग्रुपला रेडिओ सक्तीचा आहे, सुरक्षा तपासणी विमानतळासारखी. सिस्टिन चॅपलमध्ये बोलायला आणि फोटो काढायला मनाई असल्यामुळे गाइड छताची सगळी गोष्ट आधीच, पाइनच्या फळाचं मोठं शिल्प असलेल्या अंगणात, फलकांवर दाखवून सांगतो. लोक नेमकं तेव्हाच कॉफी आणि स्वच्छतागृहाकडे जातात आणि मग चॅपलमध्ये वर बघून काहीच कळत नाही. आधी स्वच्छतागृह उरका आणि ती वीस मिनिटं गाइडजवळ उभे राहा.

तिथून सिस्टिनपर्यंतची वाट एकाच दिशेने, लांब आणि गर्दीची आहे. मध्ये बसायला फार कमी जागा. नकाशांचं दालन १२० मीटर लांब असून त्यात १५८० च्या सुमारास रंगवलेले इटलीचे ४० नकाशे आहेत. सगळे सोनेरी छताचा फोटो काढतात, पण भिंतीवरचे नकाशे जवळून बघा, त्यातली गावं ओळखू येतात.

सिस्टिनमध्ये तुम्ही वेदीच्या भिंतीकडून शिरता, म्हणजे मायकेलअँजेलोचं "अंतिम न्याय" हे चित्र तुमच्या पाठीशी असतं. मध्यापर्यंत जा आणि वळा. छत १५०८ ते १५१२ मधलं, वेदीची भिंत १५३६ ते १५४१ मधली. मध्ये चोवीस वर्षं गेली आणि माणसांची शरीरं किती जड, किती अस्वस्थ झाली हे एका नजरेत दिसतं. कडेला बाक आहेत, जागा मिळाली तर बसून बघा, मान वाचते.

बाहेर पडायला समोरच्या भिंतीत दोन वाटा आहेत. उजवीकडची वाट थेट बॅसिलिकेकडे नेते आणि ती गाइडबरोबरच्या ग्रुपसाठी असते. ती उघडी असली तर बाहेरून फिरून पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहणं वाचतं. कधी कधी ती बंद ठेवतात. डावीकडची वाट म्युझियमच्या मुख्य दाराकडे जाते, तिथून चौक वीसेक मिनिटं चालत. या टप्प्यावर जितके लोक चुकतात तितके रोममध्ये कुठेच चुकत नाहीत. चॅपलमध्ये रेडिओ बंद, मॅनेजर हळू आवाजात हाक मारतात आणि माणूस छताकडे बघत असतो. आत शिरतानाच घड्याळ लावून बाहेर पडायची मिनिटं ठरवा.

बॅसिलिकेत शिरल्यावर उजवीकडे पहिल्याच कोनाड्यात मायकेलअँजेलोची "पिएता" आहे, काचेआड. १९७२ मध्ये एका माणसाने तिच्यावर हातोडा चालवला होता. मधल्या मार्गावर जमिनीत पितळी खुणा आहेत, जगातल्या दुसऱ्या मोठ्या चर्चची लांबी दाखवणाऱ्या. घुमटावर ५५१ पायऱ्या आहेत; लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात आणि शेवटी वाट अरुंद व तिरकी होते. दम्याचा, चक्करचा किंवा गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी जाऊ नये. मधून परत फिरता येत नाही. ग्रुपला तासभर मिळाला असेल तर घुमट आणि बॅसिलिका दोन्ही होत नाही, बॅसिलिका बघा. चौकात ओबेलिस्कच्या (मधल्या उंच दगडी स्तंभाच्या) दोन्ही बाजूंना जमिनीत एकेक गोल चकती आहे. तिच्यावर उभं राहिलं की २८४ खांबांच्या चार ओळी एकामागे एक लपतात आणि एकच ओळ दिसते.

खाणं, पाणी आणि स्वच्छतागृह

ग्रुपचं जेवण बहुधा भारतीय हॉटेलात असतं. स्वतः खाताना शाकाहारी लोकांनी काही नावं लक्षात ठेवावीत. पिझ्झा मार्गेरिता आणि मारिनारा बिनमांसाचे. मारिनारात चीजही नसतं, पण लसूण असते. कार्बोनारा आणि अमात्रिचाना यांत डुकराचं मांस. सुप्ली, म्हणजे भाताचं तळलेलं लांबट वडं, बटाटेवड्यासारखं दिसतं म्हणून लोक घेतात. त्यात बहुतेक वेळा मांसाचा सॉस असतो. पेकोरिनो आणि पार्मेझान चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट, म्हणजे जनावराच्या पोटातून काढलेलं दूध फाडायचं द्रव्य, असतं. जेलातोच्या (इटालियन आइस्क्रीमच्या) दुधाळ चवींत अंडं असू शकतं, फळांचा सोर्बेत्तो बहुधा सुरक्षित. "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा" म्हणजे मांस, मासे, अंडी नकोत. जैन मंडळींनी "सेंत्सा आल्यो, सेंत्सा चिपोल्ला" जोडावं, लसूण-कांदा नको. "व्हेजिटेरियन" एवढंच म्हटलं तर मासा येऊ शकतो.

कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त, टेबलावर बसलात तर तीच कितीतरी महाग. बिलात ब्रेड किंवा टेबलाचे म्हणून एक-दोन युरो जास्त लागले तर ती फसवणूक नाही, मेनूवर लिहिलेलं असतं.

पाणी विकत घेऊ नका. शहरभर सुमारे २,५०० लोखंडी नळ अखंड वाहतात, त्यांना नाझोनी म्हणतात. पाणी थंड आणि पिण्याचं. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उडते, बाटलीशिवाय पिता येतं. "नॉन पोताबिले" अशी पाटी असेल तिथलं तेवढं पिऊ नका. सार्वजनिक स्वच्छतागृहं मात्र कमी. कोलोसियम, फोरम, व्हॅटिकन म्युझियम इथे आत असताना जाऊन घ्या, गरज वाटो वा न वाटो. एरवी कॉफीच्या बारमध्ये एक कॉफी घ्या आणि मग विचारा. मधुमेही मंडळींनी हे मॅनेजरना पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगावं, थांबे त्याप्रमाणे लावता येतात.

चोऱ्या आणि चुकामूक

रोममध्ये हाणामारी क्वचित, पाकीटमारी रोज. मेट्रोची ए लाइन, तेर्मिनी स्टेशन, व्हॅटिकनला जाणारी ६४ नंबरची बस आणि ट्रेव्ही या नेहमीच्या जागा. मेट्रोचं दार लागताना पाच-सहा जण एकदम घुसतात, तेव्हा खिशाकडे लक्ष हवं. मनगटावर दोरा बांधणारे, "फुकट" गुलाब देणारे, सही मागणारे, रोमन सैनिकाच्या वेषातले, कुणाशीही न थांबता चालत राहा. फसगत हॉटेलच्या नाश्त्यालाही होते: खुर्चीवर पिशवी ठेवून माणूस ब्रेड आणायला जातो. पासपोर्ट आणि पैसे कपड्याआत पोटाला बांधायच्या पाउचमध्येच ठेवा.

ग्रुप दिसेनासा झाला तर शोधत फिरू नका. गाइड शेवटी जिथे दिसला होता तिथेच दहा मिनिटं थांबा, मॅनेजरना फोन किंवा मेसेज करा. हॉटेलचं कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं, नुसतं कुटुंबप्रमुखाच्या नाही. टॅक्सी घ्यायची तर अधिकृत टॅक्सी पांढरी असते, स्टेशनात "टॅक्सी?" म्हणत जवळ येणाऱ्याची नव्हे. कोणत्याही अडचणीत ११२.

पासपोर्ट गेलाच तर त्याच दिवशी पोलिसांकडे "देनुन्चा" म्हणजे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या आणि भारतीय दूतावासात जा. तो व्हिया व्हेंती सेत्तेंब्रे या रस्त्यावर, ५ नंबरला आहे. तिथे झेरॉक्स आणि फोटो असतील तर काम भराभर होतं. इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळालं तर ते फक्त भारतात परतण्यासाठी असतं. पुढे स्वित्झर्लंड, पॅरिस असेल तर तो भाग सोडावा लागतो, म्हणून बरोबरच्या एका नातेवाइकाने मागे थांबायची तयारी आधीच बोलून ठेवा. ग्रुप थांबू शकत नाही. बस, हॉटेल आणि चाळीस जणांची तिकिटं पुढे ठरलेली असतात.